मदत हवी आहे : सेल काढूनही बायोसचा पासवर्ड जात नाही

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाला मिळालेल्या जुन्या डेस्कटॉपच्या बायोसला (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड असून तो कोणालाच ठाऊक नसल्याने मूळ सेटिंग परत आणता येत नाहीत. वीजजोड काढून, पॉवरचे बटण दाबून धरून मुख्य बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल रात्रभर बाहेर ठेवला. घड्याळ मागे गेले, पासवर्ड मात्र जागच्या जागी! सेलजवळ तीन पिनांचा जम्पर (छोट्या टोपीने पिना जोडून सेटिंग बदलायची सोय) आहे, त्याची टोपी पहिल्या दोन पिनांवर आहे. शेजारी निळ्या टोपीचा दोन पिनांचा दुसरा जम्पर असून दोन्हींखालची अक्षरे पुसली गेली आहेत. दुरुस्तीचे दुकान थेट यवतमाळला, त्यामुळे बोर्ड जळणे परवडणार नाही. विंडोज सुरू होते व त्यात पुस्तकांची नोंद आहे. यांपैकी पासवर्डचा जम्पर कसा ओळखावा, आणि टोपी हलवल्यावर संगणक चालू करावा की बंदच ठेवावा?