स्मोकरमध्ये पोर्क ठेवायच्या आधी मोहरी फासायचीच का? आणि रेशाद चालेल का?

फोंडेकर_खवय्या:
मंडळी जरा मदत पाहिजे. आत्तेभावाने फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रमचा स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी) बनवून घेतलाय आणि रविवारी आमच्याकडे १५ माणसं जेवायला आहेत. ३ किलो पोर्कचा खांदा लावायचा विचार आहे, बाबा पोर्क खात नाहीत म्हणून सोबत दोन अख्ख्या कोंबड्या. युट्यूबवर बघितलं तर ते अमेरिकन लोक सगळे आधी मांसाला पिवळी मोहरीची सॉस थापतात आणि मग वरून मसाल्याची पावडर मारतात. ही मोहरी नक्की कशाला? चव नाही का येत तिची? आणि आमच्या घरात रेशाद (माशाला लावतात तो गोव्याचा लाल ओला मसाला) बाटली भरून आहे तोच चोळून रात्रभर ठेवला तर काय बिघडतंय? मीठ कधी लावायचं तेही सांगा. आई म्हणते एवढा खटाटोप कशाला, सरळ विंदालू (विनेगरचं तिखट पोर्क) कर.

म्हापशाचा_धूर:
आईचं ऐकलंस तर निदान वेळेवर जेवाल 😄

मोहरी फक्त मसाला चिकटावा म्हणून असते, तिला बाइंडर म्हणतात. त्या सॉसमध्ये असतं काय, पाणी, विनेगर, मोहरी आणि हळद, त्यातलं पाणी धुरात उडून जातं आणि एवढ्या तासांनी मोहरीची चव शोधून सापडत नाही. पण लावायची कशी ते महत्त्वाचं, खालचं मांस दिसत राहिलं पाहिजे इतका पातळ हात फिरवायचा. जाड थापलीस तर मसाला मांसावर न बसता मोहरीवर बसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा सुटून येतो. सॉस नसेल तर तेल किंवा विनेगर घे, कासुंदी (बंगाली मोहरीची चटणी) मात्र नको, ती भलतीच झणझणीत असते. तेल घेतलंस तर एक लक्षात ठेव, मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे पावडरीत मीठ असेल तर पाण्याच्या अंगाचं काहीतरी बरं.

आता मीठ. मीठ आदल्या रात्री आणि एकटंच. किलोला १० ग्रॅम धर, म्हणजे तुझ्या ३ किलोला ३० ग्रॅम, आणि काट्यावर मोज, चमच्याने नको. ते लोक कोशर मीठ वापरतात, ते भरड असतं, आपलं बारीक मीठ तेवढ्याच चमच्यात बरंच जास्त बसतं, त्यामुळे त्यांचा चमचा धरून घातलंस की खारट झालंच समज. मीठ रात्रभरात आत उतरतं. मिरची, लसूण, मिरी हे कितीही तास मुरवलंस तरी वरच्या थरातच राहतं. म्हणून पावडर सकाळी स्मोकर तापत असताना मारली तरी पुरे, आणि रात्री मीठ लावलंय तर सकाळच्या पावडरीत परत मीठ नको.

वेर्णा_वीकेंड:
मी बाइंडर वगैरे काही लावत नाही आणि माझं कधी अडलं नाही. रात्री मीठ लावलेलं मांस सकाळी आपणहूनच चिकट झालेलं असतं, त्यावर मिरी मारायची की बसते. टेक्सासमध्ये ब्रिस्केटला (बीफच्या छातीचा तुकडा) कित्येक जण नुसतं मीठ आणि मिरी लावतात आणि तेवढ्यावर काळीभोर खरपूड येते. मोहरी काय, एकाने व्हिडिओत लावली म्हणून सगळे लावतात.

फक्त मिरी मिक्सरला काढू नको रे, पीठ होतं तिचं. खलबत्त्यात ठेच, जाडसर, तुकडे डोळ्याला दिसले पाहिजेत. आणि चोळायची नाही, हात फूटभर वर धरून सगळीकडे सारखी पाडायची आणि मग तळव्याने दाबायची. पंधरा-वीस मिनिटांनी ती ओली दिसायला लागते, तेव्हा ठेव आत.

काणकोणची_काकू:
रेशादचं मी सांगते. बाबा रे, आख्खा रेशाद थापून दहा तास धुरात ठेवू नको. त्यात विनेगर, वाटलेली लसूण, साखर, कोणी चिंचही घालतं, तो आहे ओला गोळा. मांसाचा वरचा भाग सुकल्याशिवाय खरपूड धरत नाही आणि हा तर त्याला ओलं गोधडं पांघरल्यासारखा बसतो. वर लसूण करपून कडू होते ती वेगळीच. बांगड्याला तव्यावर पाच-दहा मिनिटं असतात म्हणून तिथे शोभतो.

त्यापेक्षा रेशाद सुटा कर. त्यातलं विनेगर तुझा बाइंडर, माडाचं मिळालं तर उत्तम, सकाळी ब्रशने नुसतं पुसल्यासारखं लाव, रात्री नको, आंबटाने वरचं मांस पिठूळ होतं. त्यातलेच सुके मसाले तुझी पावडर: काश्मिरी मिरची रंगाला, हवी तर थोडी खोल्याची मिरची, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग अगदी दोन-तीनच कारण धुरात ती फार डोकं वर काढते, सगळं किंचित गरम करून जाडसर दळायचं. ताज्या लसणीच्या जागी लसूण पावडर. आणि बाटलीतला ओला रेशाद फेकायचा नाही हां, शिजलेल्या मांसाचे धागे सोडवून झाले की खाली जमलेल्या रसात दोन चमचे परतून वर ओतायचा. तुझ्या आईला विंदालूची आठवण येणार नाही.

फोंडेकर_खवय्या:
काकू हे भारीच आहे, असंच करतो. गूळ घालू का पावडरीत? आणि फ्रिजमध्ये जागा नाही, रात्री मीठ लावून बाहेर झाकून ठेवलं तर?

म्हापशाचा_धूर:
बाहेर अजिबात नाही, आपल्या हवेत तर नाहीच. बिअर बाहेर काढ, मांस आत ठेव.

पोर्कला गूळ चालेल, किसून वाळवून घे नाहीतर पावसाळी हवेत गोळे होतात. ११०-१२० अंशात राहिलास तर जळत नाही. पण कोंबडीला गूळ जवळजवळ नकोच, कारण कोंबडी एवढ्या कमी आचेवर केलीस तर कातडी रबरासारखी होते, तिला १५०-१६० लागतात आणि तिथे साखर काळी पडायला लागते. कोंबडीला रात्री मीठ लाव, उघडीच फ्रिजमध्ये ठेव म्हणजे कातडी सुकेल, सकाळी तेलाचा हात आणि मसाला. आतून ७४ अंश झाली की काढ. पोर्क मात्र ९३-९५ पर्यंत जाऊ दे, त्याआधी धागे सुटत नाहीत. दहा-बारा तास धर, मध्ये ७० च्या आसपास थर्मामीटरचा काटा तासन् तास अडून बसतो, घाम सुटून मांस थंड होत राहतं म्हणून, तेव्हा आच वाढवत बसू नको, फॉइलमध्ये गुंडाळ.

वेर्णा_वीकेंड:
पोर्कवाल्याला आधीच सांग की तुकडे करू नको म्हणून. सवयीने सोरपोतेलचे (पोर्कच्या रश्शाचे) बारीक तुकडे करून देतो तो, सांगेपर्यंत कोयता पडलेला असतो. आणि कातडी काढून घे, कातडीखाली ना मीठ उतरतं ना मसाला. चरबीचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास ठेव, बाकी काढ. लाकूड सुकी पेरूची मिळाली तर बघ. काजूच्या बियांची टरफलं कोणी दिली तर घालू नकोस, त्यातलं तेल अंगावर फोड आणतं, त्याचा धूर जेवणावर नको.

काणकोणची_काकू:
आणि पोदेराला (पाववाल्याला) शनिवारीच सांगून ठेव, १५ माणसांचे पाव ऐनवेळी देणार नाही तो.