मदत हवी आहे : व्हरांड्यातले शिंजिराचे घरटे, काचेवर चोची मारणारा दयाळ आणि छतावरचा रात्रीचा पाहुणा

नमस्कार.

आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा, काही जुनी झाडे आणि एक अरुंद व्हरांडा आहे. एवढ्याशा जागेत जे पक्षी आणि प्राणी येतात त्यांच्या नियमित नोंदी ठेवाव्यात, असे ठरवून यंदा मी निरीक्षणाला सुरुवात केली आहे. माझ्याकडे दुर्बीण, वही आणि नुकताच घेतलेला ट्रेल कॅमेरा (समोर प्राणी हलला की आपोआप छायाचित्र टिपणारा) आहे. नेहमीचे पक्षी मला ओळखता येतात, त्यामुळे 'हा पक्षी कोणता' असा हा प्रश्न नाही. आपल्या पाहण्यामुळेच त्यांच्या वागण्यात फरक पडत असेल तर तो कसा ओळखायचा आणि कुठे थांबायचे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. सध्या तीन ठिकाणी अडले आहे.

पहिले शिंजिराचे. व्हरांड्याच्या छतातून लोंबणाऱ्या एका निकामी वायरीला जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटे बांधले. नर जवळच्या फांदीवरून गात असे आणि अधूनमधून तिच्यामागून उडत येई, पण चोचीत काडी म्हणून त्याने धरली नाही. सगळे काम तिने एकटीने केले. तिने आधी कोळ्याच्या जाळ्याचे तंतू वायरीला गुंडाळले, मग त्यांत गवताच्या काड्या ओवल्या आणि बाहेरून सालीचे कपटे, सुकलेल्या पानांचे तुकडे, इतकेच काय, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवली. शेवटी शेवटी ती आत शिरून छातीने भिंती बाहेर रेटत असे, तेव्हा ती सगळी पिशवी आतून कोणी ढुसण्या दिल्यासारखी हलत असे. बाजूला ठेवलेल्या दारावर छोटीशी पडवी काढून झाली आणि त्यानंतर मात्र बाई दिसेनाशा झाल्या. घरटे सोडून दिले असे समजावे का, आणि त्याला माझे रोजचे खुर्ची टाकून बसणे कारणीभूत असेल का? काठीला मोबाईल बांधून आत डोकावून पाहण्याचा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. मला तो रुचलेला नाही, पण त्यात नेमके काय वावगे आहे हेही मला त्यांना सांगता आलेले नाही.

दुसरे दयाळाचे. मागच्या खोलीच्या खिडकीवर एक नर उजाडल्यापासून येऊन काचेवर चोची मारतो, पंख पसरून अंगावर धावून जातो, थोडा वेळ तारेवर बसून शेपूट वर-खाली करतो आणि पुन्हा तेच सुरू करतो. आम्ही आतून पडदा ओढून पाहिला, तर त्याचा जोर उलट वाढल्यासारखा वाटला. त्याला यात इजा होते का, आणि हे थांबवावे की आपोआप थांबेल?

तिसरा पाहुणा मी अजून पाहिलेलाच नाही. रात्री उशिरा छतावर धप्पकन उडी पडल्याचा आवाज येतो आणि मग कोणीतरी सावकाश चालत जाते. सकाळी कठड्याच्या एका ठरावीक कोपऱ्यात विष्ठा आढळते आणि तिच्यात फळांच्या अख्ख्या बिया असतात. याखेरीज झाडाखाली चघळून टाकलेल्या फळांचा चोथाही पडलेला असतो. घरात मुंगूस आणि बोका असे दोन पक्ष पडले आहेत. निकाल लावण्यासाठी ट्रेल कॅमेरा खिडकीच्या आत, काचेला टेकवून ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे पावसाची चिंता राहणार नाही. हे योग्य होईल का?

याशिवाय नोंदी कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात, म्हणजे त्या पुढे इतरांच्याही उपयोगी पडतील, यावरही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

आपण घरटे सोडून दिल्याच्या निष्कर्षावर घाईने येऊ नये. घरटे पूर्ण झाल्यावर आणि पहिले अंडे घालण्यापूर्वी मादी काही दिवस तिकडे फारशी फिरकत नाही, असे अनेक लहान पक्ष्यांमध्ये आढळते. अंडी साधारण दोन, क्वचित तीन असतात आणि ती एकटी मादीच उबवते. उबवणीला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. पिल्लांना भरवण्याच्या कामात मात्र नर सहभागी होतो, त्यामुळे सध्याच्या त्याच्या आळसावरून त्याच्याविषयी कायमचे मत करून घेऊ नका.

किती अंतरावर बसावे याचे उत्तर फुटांत देता येत नाही, कारण ते पक्ष्यागणिक बदलते. पक्ष्याच्या वागण्यावरून मात्र ते नेमके कळते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यानंतर मादी चोचीत भक्ष्य घेऊन जवळच्या फांदीवर येईल. ती सरळ आत गेली तर आपले अंतर योग्य आहे. ती तिथेच थांबून तीक्ष्ण आवाज काढत राहिली, जागा बदलत राहिली किंवा भक्ष्य स्वतःच गिळून निघून गेली, तर आपण फार जवळ आहोत असे समजून ताबडतोब मागे सरावे. खोलीतून, दिवा मालवून आणि पडद्याच्या फटीतून पाहणे व्हरांड्यात बसण्यापेक्षा केव्हाही चांगले. दुर्बीण आहे ती याचसाठी.

काठीला मोबाईल बांधून डोकावण्याबाबत आपल्याला जे वाटले ते बरोबर आहे, आणि त्याची कारणे अशी. अंडी घालण्याच्या सुमारास आणि उबवणीच्या सुरुवातीला मादी बिथरली तर घरटे सोडून देण्याची शक्यता सर्वाधिक असते. पिल्ले पंख फुटण्याच्या बेतात असताना डोकावले तर ती उडता येण्याआधीच बाहेर उड्या टाकतात आणि त्यांना परत आत ठेवले तरी राहत नाहीत. तिसरे कारण लोक विसरतात: कावळा आणि भारद्वाज दोघेही घरटी लुटणारे आहेत, आणि माणूस वारंवार कुठे जाऊन काय पाहतो यावर विशेषतः कावळ्याची नजर असते. भारतात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणे अथवा छेडणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येतच येते, हेही आपल्या परिचितांना सांगावे.

प्रतिसाद २

दयाळाला काचेत दुसरा नर दिसतो. विणीच्या हंगामात तो आपली हद्द राखत असतो आणि हा प्रतिस्पर्धी कितीही चोचा मारल्या तरी मागे हटत नाही, म्हणून भांडण संपत नाही. गंभीर इजा सहसा होत नाही, पण चरण्याचा आणि जोडीदाराजवळ राहण्याचा त्याचा बराच वेळ यात वाया जातो. हंगाम ओसरला की हे थांबते, तरीही तोवर वाट पाहण्याचे कारण नाही.

पडदा आतून ओढल्याने काचेमागे अंधार होतो आणि प्रतिबिंब अधिक स्पष्ट उमटते. त्याचा जोर वाढला तो यामुळे. उपाय बाहेरच्या बाजूने करावा लागतो. काचेवर बाहेरून साबणाचे दाट पाणी फासावे, किंवा कागद वा जुने कापड लावावे. एक खिडकी झाकल्यावर तो शेजारच्या खिडकीवर किंवा वाहनाच्या आरशावर जाण्याची शक्यता आहे, तेव्हा तेही झाकावे लागतील.

पक्षी उडत येऊन काचेवर आदळतात तो प्रश्न वेगळा आहे आणि तो यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. तिथे पक्ष्याला काचेत आकाश आणि झाडे दिसतात. ससाण्याचे एखादे चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरील पृष्ठभागावर सुमारे ५ सेंटीमीटर अंतराने ठिपके किंवा रेघा असाव्या लागतात. आदळून सुन्न झालेला पक्षी सापडल्यास त्याला हवेसाठी छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे, चोचीत पाणी मुळीच घालू नये, आणि तासाभराने खोके उघड्यावर नेऊन झाकण काढावे. तरीही तो उडाला नाही तर पशुवैद्यक गाठावा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. साबणाचे पाणी आजच फासले आहे. शिंजिराची मादी काल घरट्याच्या दारातून फक्त चोच बाहेर काढून बसलेली दिसली, त्यामुळे उबवणी सुरू झाली असावी असे वाटते. खुर्ची आता खोलीत हलवली आहे. रात्रीच्या पाहुण्याविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

आपण दिलेल्या खुणांवरून पाहुणे एक नसून दोन असावेत.

मुंगूस दिवसा वावरणारा प्राणी आहे, तेव्हा रात्री उशिराच्या आवाजासाठी त्याला दोष देता येणार नाही. मांजर आपली विष्ठा शक्यतो माती उकरून झाकते आणि तिच्यात फळांच्या बिया असण्याचे कारण नसते. एकाच उघड्या, उंचवट्याच्या जागी पुन्हा पुन्हा केलेली, अख्ख्या बिया असलेली विष्ठा ही उदमांजराची खूण आहे. काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. अंगावर करडे केस, पाठीवर काळसर ठिपक्यांच्या ओळी, डोळ्यांभोवती गडद पट्टा आणि जवळजवळ शरीराएवढी लांब शेपूट, असे त्याचे रूप असते. फळांबरोबर उंदीर आणि कीटकही तो खातो. झाडाखालचा चोथा मात्र त्याचा नसावा. फळे चघळून रस गिळणे आणि तंतुमय भाग थुंकून टाकणे ही मोठ्या फळखाऊ वटवाघळांची रीत आहे.

ट्रेल कॅमेरा काचेआड ठेवल्यास काम करणार नाही. त्यातील संवेदक हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो आणि ती अवरक्त किरणे खिडकीच्या काचेतून पार होत नाहीत; शिवाय रात्रीच्या चित्रीकरणासाठी लागणारा कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढरे पडते. बहुतेक ट्रेल कॅमेरे पाऊस सोसतील असेच बनवलेले असतात, त्यामुळे तो निर्धास्तपणे बाहेर लावावा. कठड्यावर, प्राणी चालतो त्या पातळीपासून साधारण फूट-दीड फूट उंचीवर आणि त्याच्या वाटेला तिरका असा तो ठेवावा, कारण समोरून थेट येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा प्राणी संवेदकाला लवकर कळतो. समोर हलणारी फांदी किंवा दुपारी तापणारा पत्रा असेल तर रिकाम्या छायाचित्रांचा ढीग जमेल. ९४० नॅनोमीटरच्या (जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या) दिव्यांचा कॅमेरा असल्यास उत्तम, कारण ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची मंद लाल चमक काही प्राण्यांच्या लक्षात येते.

छायाचित्र लवकर मिळावे म्हणून तिथे खाऊ ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने नोंद तर खोटी होतेच, पण प्राणी माणसाला सरावतो, आणि सरावलेल्या प्राण्याची तक्रार करणारे शेजारी लवकरच उभे राहतात. विष्ठा तपासायची असल्यास हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. झाडण्यापूर्वी ती ओली करून घ्यावी.

प्रतिसाद ४

नोंदींपुरते थोडक्यात लिहितो. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हवामान, दिसलेल्या प्रत्येक जातीची संख्या आणि वर्तन, एवढे रकाने पुरेत. वेळ ठरावीक ठेवावी आणि त्या वेळात काहीच दिसले नाही तर तेही लिहावे, कारण पुढे तुलना करताना रिकामी नोंदही तितकीच कामी येते. 'ओळख नक्की नाही' असा शेरा लिहायला संकोच करू नये. पक्ष्यांच्या याद्या 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर भरता येतात. १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या पक्षिगणनेमध्येही घरातून भाग घेता येतो. एका यादीसाठी किमान १५ मिनिटे पाहणे अपेक्षित असते.

घरट्याचे छायाचित्र पिल्ले उडून जाईपर्यंत कुठेही टाकू नये, आणि मोबाईलच्या छायाचित्रात ठिकाणाची माहिती आपोआप साठवली जाते, ती सुविधा आधी बंद करून घ्यावी.