मदत हवी आहे: फोटोवरून कपड्याचा कट कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. मी फॅशन डिझाइनची विद्यार्थिनी आहे आणि रनवे शो म्हणजे माझा जीव की प्राण. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या १९९९ च्या स्प्रिंग शोमध्ये फिरत्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या मॉडेल शॅलोम हार्लोच्या पांढऱ्या ड्रेसवर दोन रोबो रंग फवारतात, ते दृश्य आजही तितकंच अंगावर येतं.

आता प्रोजेक्टसाठी फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांचा १९३० च्या दशकातला एक बायस कट (कापड धाग्याच्या दिशेला तिरकं कापून शिवलेला) गाऊन अर्ध्या मापात करून पाहायचा आहे. त्या स्वतः छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून डिझाइन करायच्या, म्हणून मीही तीच वाट धरली आहे. अडचण अशी की माझ्याकडे प्रदर्शनांतले फोटोच तेवढे आहेत. जुनं कापड विटू नये म्हणून तिथे उजेड मंद ठेवतात, त्यामुळे काळ्या सॅटिनवरची शिवण दिसतच नाही. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाने २०१७ मध्ये डिझायनर बालेन्सियागाच्या कपड्यांचे एक्स-रे मांडले होते. तसं काही या गाऊनचं मिळालं तर सोन्याहून पिवळं!

कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेने आहे, हे नुसत्या चुण्यांवरून आणि झोळावरून ओळखता येतं का? सरावासाठी मलमल (म्हणजे नमुना शिवायला वापरतात ते साधं सुती कापड, इंग्रजीत मस्लिन) घेऊ की क्रेप? मलमल फारच ताठ पडते, असं मला वाटतं. आणि तिरकं कापलेलं कापड लोंबून वाढतं, तर घेर दुमडण्याआधी ते किती वेळ टांगून ठेवता? ज्यांनी हे हाताने केलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.