पद्मिनीचं स्टिअरिंग जड झालंय: पॉवर बसवावं की नाही?

सांगलीची फियाट
घरची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. लॉकडाउनपासून चार वर्षं पोर्चमध्ये उभी होती. मध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, खालून काळा कोट मारला, मोठे टायर टाकले. इंजिन पहिल्या दिवसापासून छान चालतंय, पण स्टिअरिंग असं जड की गेटमधून आत घेताना अक्षरशः लोंबकळावं लागतं. बाबा ७६ वर्षांचे, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना ही गाडी एकदा तरी गणपतीच्या देवळापर्यंत चालवायची आहे.

गॅरेजवाला म्हणतो, जुन्या गाड्या अशाच असतात. मोडीतल्या छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम (चाकाखालची दांडी, मोटरसकट) बसवून देतो, २५ हजार. माझं मत: बसवावं. गाडी चालवायची की तिची पूजा मांडायची? विरोध असेल त्यांनी जरूर लिहा, फक्त 'ओरिजिनल' हा शब्द न वापरता.

ग्रीसगन
बरं, नाही वापरत.

ही गाडी मुळात जड नाही हो. १०८९ सीसीचं इंजिन, टनाच्या आतलं वजन, ५.२० × १४ चे अरुंद टायर आणि हातात हे एवढं मोठं स्टिअरिंगचं चाक. मुंबईत टॅक्सीवाले याच स्टिअरिंगवर दिवसभर गल्लीबोळ पालथे घालायचे. तुमची आत्ता जड झाली, म्हणजे काहीतरी अडकलंय. ते न शोधता वर मोटर बसवलीत तर अडकलेलं तसंच राहणार आणि मोटर ते जोर लावून फिरवणार. आधी जी झीज हाताला कळत होती ती आता कळणारसुद्धा नाही.

फुकटातली तपासणी सांगतो. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, मग स्टिअरिंग फिरवा. हलकं झालं तर दोष टायर, हवा किंवा अलाइनमेंटचा. तरीही जडच असेल तर स्टिअरिंग बॉक्सच्या (कॉलमच्या टोकाचा गिअरचा डबा) ड्रॉप आर्मवरून, म्हणजे त्यातून निघणाऱ्या दांड्यावरून, चाकांकडे जाणारा रॉड सोडवा. मग एकीकडे नुसता बॉक्स फिरवून बघा, दुसरीकडे एकेक चाक हाताने वळवून बघा. चोर कुठल्या खोलीत आहे ते अर्ध्या तासात कळतं.

घाटमाथा
टॅक्सीवाल्यांचं उदाहरण नेहमी येतं म्हणून लिहितो. माझे मामा ताडदेवहून पद्मिनी चालवायचे, वीस वर्षं. शेवटी शेवटी शर्ट घालायला मामी लागायची. त्यांच्या खांद्याला कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा सगळे फोटो काढत होते. मामा म्हणाले, "सुटलो."

धागाकर्त्यांनी खुशाल बसवावं. वडिलांचं वय थांबून राहत नाही.

ग्रीसगन
मामांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण त्या टॅक्सींचे किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) किती महिन्यांनी ग्रीस व्हायचे, हेही विचारा त्यांना.

नियमबहाद्दर
दोघंही कायदा विसरताय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल चालत नाहीत. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सोन्यासारखी संधी घालवाल.

सांगलीची फियाट
ते नियम मीही वाचलेत. त्यांत मनाई असलेल्या मोठ्या फेरफारात चासी, बॉडी आणि इंजिन आहे, स्टिअरिंगचं नाव नाही. आणि नोंदणीची फी २० हजार भरून मिळणार काय? गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला बाहेर काढायची. बाबांना देवळात न्यायचंय, रॅलीत नाही.

चौथा गिअर
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता राहवत नाही. त्या गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: पद्मिनीचा गिअर कुठे असतो?

स्टिअरिंगच्या कॉलमवर! मोटरवाला कॉलम बसवायला जुना कॉलम कापावा लागणार. मग गिअरची दांडी कशावर लटकवणार? वर, जागेवर चाक वळवताना ती मोटर तीसेक अँपिअर सहज ओढते. तुमच्या गाडीत अजून डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर रात्री हेडलाइट लावून पार्किंग करताना बॅटरी माना टाकेल. जीपला लोक बसवतात ते मी पाहिलंय, चांगलं चालतं. पण जीपचा गिअर जमिनीवर असतो.

घाटमाथा
हा मुद्दा मान्य. पण 'अवघड आहे' आणि 'करू नये' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला फॅब्रिकेटर गाठा, डायनामो काढून अल्टरनेटर घाला.

ग्रीसगन
म्हणजे २५ चे ५० हजार. किंगपिनचा सेट, बुश (पिनभोवतीच्या नळ्या), त्यांची भोकं नेमक्या मापाची करायची, म्हणजे रिमर मारायची, मजुरी धरूनही त्याच्या आसपास जात नाही. कुर्ल्याला अजून सामान मिळतं.

नाशिक-कसारा
धागाकर्ते, "मोठे टायर टाकले" हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. नेमके कुठले?

सांगलीची फियाट
१७५ चे रेडिअल. अलॉय व्हीलवर.

नाशिक-कसारा
घ्या! रस्त्यावर टेकणारं रबर वाढवलंत, आणि अलॉयचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) वेगळा असेल तर चाकही बाहेर सरकलं. किंगपिनपासून जितकं बाहेर, तितकं जागेवर वळवायला जड. मूळ रिम फेकल्या नसतील तर लावून बघा. आणि वडिलांना सांगा, उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही, गाडी वीतभर सरकू द्यायची. अर्थात हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं असेल.

सांगलीची फियाट
रविवारी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. निकाल लिहितो.

जॅकवरही जडच. रॉड सोडवल्यावर नुसतं स्टिअरिंग एका बोटाने फिरायचं, पण बरोब्बर मधोमध आलं की रुतायचं. मिस्त्री हसले. आधीच्या कुणीतरी 'प्ले' (स्टिअरिंगची ढिलाई) काढायला बॉक्सचा स्क्रू आवळला होता, तोही चाक एका बाजूला पूर्ण वळलेलं असताना. बॉक्समधला वर्म (स्क्रूसारखा गिअर) मध्यभागी सगळ्यात घट्ट बसतो, त्यामुळे स्क्रू चाकं सरळ ठेवूनच लावायचा असतो म्हणे. पाव फेरा सैल केला, नव्वद नंबरचं ऑइल भरलं.

उजवं चाक हाताने सहज वळलं. डावं हलेना. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) शोधायलाच वेळ गेला, कारण तो पेंटिंगवाल्याच्या काळ्या कोटाखाली गाडला गेला होता. खरवडून काढला तर आतली गोळी जाम. नवा निपल लावला. चाक जॅकवर अधांतरी ठेवूनच पंप मारला, भार असला की ग्रीस पिनभोवती नीट पसरत नाही. आधी काहीच नाही, मग पिनच्या खालून गंजाच्या रंगाची चिक्कीसारखी वळी बाहेर आली, मग काळं, मग एकदम स्वच्छ पिवळं ग्रीस. बुश खराब आहेत, पुढच्या महिन्यात बदलायचे. एकूण खर्च ९०० रुपये, चहा धरून.

ग्रीसगन
(कॉलर ताठ.)

घाटमाथा
अभिनंदन. पण प्रश्न बाबांचा होता. त्यांना जमली का?

सांगलीची फियाट
बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, वळवताना थांबले आणि खाली उतरले. म्हणाले, "हलकी झालीय, पण ही आपली गाडी नाही." १७५ चे टायर अजून तसेच आहेत. मूळ रिम माळ्यावर सापडल्या, तीनच. चौथी शोधतोय. कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटमाथा
रिम बघतो, मामांच्या चाळीत विचारतो. मत बदललेलं नाही.