सायन्सचा जीपीए घसरला, तर डॉक्टरकीचा नाद सोडायचा का?

वाटाड्या:
माझ्या भाचीने अमेरिकेत बॅचलर्स केलं. सायन्स जीपीए (सायन्स विषयांच्या ग्रेडची सरासरी) ४ पैकी २.६. तिला डॉक्टरच व्हायचंय आणि घरातले सगळे तिला "आता विसर" म्हणून सांगताहेत. मला हे अजिबात पटत नाही. फी भरण्यासाठी नोकरी करत शिकलेल्या मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर नोकरीचे तास कुठे छापलेले असतात? तिने पोस्ट-बॅक (पदवीनंतर पुन्हा विषय घेऊन शिकणं) करावं, बायोकेमिस्ट्री-फिजिऑलॉजीसारखे वरचे विषय पूर्णवेळ घेऊन ए आणावेत, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यावी आणि अर्ज करावा. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

हिशेबनीस:
आधी गणित करू. सायन्सचे ६० क्रेडिट्स (विषयाचा भार मोजायचं एकक) २.६ ने झालेत असं धरा. वर्षभर राबून आणखी ३० क्रेडिट्स घेतले, सगळीकडे ए म्हणजे ४, एकही बी नाही. तरी सायन्स जीपीए होतो ३.०७. एमडीला (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या पुढे आहे आणि एमकॅट ५२८ पैकी ५११ च्या आसपास. जुनी सी ग्रेडदेखील पुसली जात नाही. एमडीच्या अर्जात विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही ग्रेड मोजतात. डीओच्या (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, डॉक्टरकीचीच दुसरी पदवी) अर्जात पूर्वी नवी ग्रेड धरायचे, ती सोय २०१७ मध्ये गेली. मुलीला खोटी आशा लावणं ही माया नव्हे.

वाटाड्या:
सरासरी म्हणजे किमान पात्रता नाही, तिच्या खालचेही लोक आत जातात. शिवाय एमडीच्या अर्जात जीपीए वर्षवार दिसतो आणि पोस्ट-बॅकची ओळ वेगळी असते. पहिल्या वर्षी २.३ आणि शेवटच्या ओळीत ४.० हे वाचणाऱ्याला काहीतरी सांगतंच की!

हिशेबनीस:
वाचणाऱ्यापर्यंत अर्ज पोचला तर. काही कॉलेजं ठरावीक जीपीएखालचे अर्ज आधीच बाजूला काढतात.

रात्रपाळी:
मी रेसिडेन्सीत (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) आहे, डीओ करून आले. डीओचं नाव निघालं की आपल्याकडे अजून नाकं मुरडतात, त्याचा मला राग येतो. २०२० पासून एमडी-डीओ रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे आणि डीओच्या शेवटच्या वर्षातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना मॅच, म्हणजे रेसिडेन्सीची जागा, मिळते. कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांची जाहिरात पाहून मात्र भुलू नका. परदेशी मेडिकल कॉलेजातून आलेल्या अमेरिकन नागरिकांचं २०२४ मधलं मॅचचं प्रमाण ६७ टक्के होतं, आणि मॅचपर्यंत न पोचताच गळालेले त्यात धरलेलेच नाहीत.

वाटाड्या, पूर्ण पोस्ट-बॅकची फी भरण्याआधी एका सत्रात दोनच अवघड विषय घ्यायला सांगा, नोकरी बाजूला ठेवून. नोकरीमुळेच गुण गेले असतील तर फरक लगेच दिसेल. दिसला नाही, तर कारण दुसरं आहे आणि ते सापडेपर्यंत एमकॅटला हात लावू नये. आयुष्यात सात वेळा देता येते हे खरं, पण आधीचे स्कोअर कॉलेजांना दिसतात.

हिशेबनीस:
दोन विषयांचं मान्य. पण पैशांवर कुणीच बोलत नाहीये. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज नाही. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख, एवढंच. बऱ्याच खासगी कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च त्याहून कितीतरी जास्त आहे. नर्सिंग किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे) का नको? तीही रुग्णसेवाच आहे.

रात्रपाळी:
पीएला कृपा करून पडेल पर्याय म्हणू नका. तिथेही सायन्स जीपीए बघतात, वर रुग्णांसोबत काम केल्याचे तास मागतात. मनापासून हवं असेल त्यानेच तिकडे जावं.

वाटाड्या:
दोन विषयांचं आजच तिच्याशी बोलते. सरकारी कर्जाच्या वर जे लागेल त्याला को-साइनर (कर्जाला जामीन) मी होईन. तिच्या आईवडिलांवर तो भार नको.

हिशेबनीस:
सही तुमची, निर्णय तुमचा. माझा विरोध कायम आहे. फक्त करारातलं एक कलम आधी वाचा: तिने शिक्षण मध्येच सोडलं, तर हप्ते कुणी भरायचे.