विंडोज १० वरून ११ वर आलोय, जुन्या सवयी कशा बसवायच्या?

पाटीपेन्सिल:
ऑफिसच्या पीसीवर काल विंडोज १० च्या जागी ११ टाकलं, पेनड्राइव्हवर आधीपासून पडून असलेल्या सेटअपवरून. एक्सेलच्या सात-आठ फाइल्स उघड्या असतात, पण टास्कबारवर सगळ्यांचं मिळून एकच चिन्ह दिसतं, फाइलचं नाव नाही. टास्कबारवर राइट क्लिक केलं की फक्त 'टास्कबार सेटिंग्ज' येतं, टास्क मॅनेजर गायब. फाइलवर राइट क्लिक केलं तर झिप करायचा जुना पर्याय सापडत नाही. मराठी टायपिंग करताना भलताच कळफलक येतो तो वेगळाच. टास्कबार बदलून देणारं एखादं सॉफ्टवेअर टाकावं का?

खटकाबटण:
असली सॉफ्टवेअर नकोत. ती विंडोजच्या आतल्या फाइल्सना हात घालतात आणि एखाद्या अपडेटनंतर टास्कबारच उघडत नाही.

राइट क्लिकचं आधी. ११ चा छोटा मेनू नव्या पद्धतीने नोंदवलेल्या प्रोग्रॅमनाच जागा देतो. जुन्यांचे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे जातात. शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, थेट जुना मेनू येतो. कट, कॉपी, रीनेम ही ११ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मेनूच्या कडेला नुसती चिन्हं आहेत. ती शोधत बसण्यापेक्षा रीनेमसाठी एफ२ बरं.

टास्क मॅनेजर: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. स्टार्ट डावीकडे हवं असेल तर सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार > टास्कबार बिहेव्हिअर्स, तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट'. त्याच पानावर 'कम्बाइन टास्कबार बटन्स' आहे, ते 'नेव्हर' करा. प्रत्येक एक्सेल फाइल नावासकट वेगळी दिसेल.

रफार:
कळफलकाचं बघा. मराठीखाली इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) दोन्ही असतील तर विंडोज-स्पेस दाबल्यावर इंग्रजीसकट तिन्ही आळीपाळीने येतात. डावा ऑल्ट-शिफ्ट मात्र फक्त भाषा बदलतो, त्या भाषेतला कळफलक नाही. म्हणून मराठी येते, पण हवा तो कळफलक येईलच असं नाही. सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन, मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स. नको तो कळफलक काढून टाका.

वर्डमध्ये मराठी आणि एक्सेलमध्ये इंग्रजी लागत असेल तर टायपिंग > ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवायची खूण आहे. ती केली की दर वेळी बदलावं लागत नाही.

पाटीपेन्सिल:
मराठीचं जमलं, शिफ्टही चाललं. पण 'कम्बाइन'चा पर्याय त्या पानावर नाहीच.

खटकाबटण:
मग तुमची आवृत्ती जुनी आहे. टास्कबारच्या राइट क्लिकमध्ये टास्क मॅनेजर नाही, यावरूनच शंका यायला हवी होती, माझ्या नजरेतून सुटलं. विंडोज-आर दाबून 'विनव्हर' (winver, इंग्रजीत) टाइप करा. २१एच२ दिसलं तर ११ ची पहिलीच आवृत्ती आहे. 'कम्बाइन'चा पर्याय २०२३ मध्ये परत आला, तेव्हा आधी अपडेट करावं लागेल.

रफार:
अपडेटआधी एक ठरवा. जुन्यावरच अपग्रेड केलं असेल, सगळं पुसून कोरं इन्स्टॉल नव्हे, तर सिस्टिम > रिकव्हरी > 'गो बॅक'मधून १० वर परत जायला १० दिवस मिळतात. १० ची प्रत सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये असते. ११ ची पुढची मोठी आवृत्ती टाकली की त्या जागी २१एच२ ची प्रत येते आणि 'गो बॅक' तुम्हाला तिथेच नेतं. अर्थात १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे परतीचा विचार एखादा प्रिंटर किंवा अकाउंटिंगचा प्रोग्रॅम अडला असेल तरच. तो आजच चालवून बघा, मग अपडेट.