पुराच्या केंद्रावरचा डॉक्टर

वर एका दादांनी विचारलंय, मुलगा एमबीबीएस होऊन सरकारी नोकरीत गेला तर आरोग्य केंद्रातच अडकेल, साथरोगाचं मोठं काम त्याला कधी मिळणार? दादा, ते काम सुरू होतं तिथूनच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर आला तेव्हा निपाणीकडच्या एका निवारा केंद्रावर मी मदतीला होतो. तिथल्या डॉक्टर मॅडम सकाळी आधी रुग्ण नाही, पाण्याची टाकी बघायच्या. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग आला नाही, तर ब्लीचिंग पावडर पडेपर्यंत कुणाला घोटभरही पिऊ द्यायच्या नाहीत. चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. जुलाबाचे किती, तापाचे किती, रोजची नोंद. एका आजीला मराठीत समजावायचं, शेजारच्या अज्जींना कन्नडात. आपल्या सीमाभागात हे औषधाइतकंच लागतं, आणि मला त्या बाईंचा अजून अभिमान वाटतो.

पुढची वाटही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून साथींचा माग काढायचं दोन वर्षांचं ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) प्रशिक्षण चालतं.

आणि बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलाकडेला नेमणूक मिळाली तर नको म्हणू देऊ नका. माकडताप, म्हणजे गोचिडांमुळे माकडांना आणि माणसांना होणारा रोग, १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, २०१६ मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. रानात माकडं मरायला लागली की पहिला निरोप तिथल्याच डॉक्टरकडे यायला हवा.